नकाशाआधी चालणारा माणूस

१९१५ साली तंजावरच्या किल्ल्यातल्या जुन्या वस्तीसाठी एक आराखडा तयार होता. वस्ती दाट, गल्ल्या अरुंद आणि रोगराई पाचवीला पुजलेली. अभियंत्यांनी त्या काळच्या रिवाजाप्रमाणे उपाय काढला होता. एकमेकांना काटकोनात छेदणारे सरळ रस्ते आखायचे आणि त्या रेषांच्या आड येतील ती घरं पाडायची. कागदावर असा आराखडा नेहमीच देखणा दिसतो. त्याच वर्षी साठी ओलांडलेले एक स्कॉटिश प्राध्यापक तिथे आले आणि नकाशा हातात घेऊन गल्लीबोळांतून पायी फिरले. कुठलं घर ओस पडलंय, कुठली भिंत कधीच ढासळलीय, कुठल्या बोळाचं तोंड एका पडक्या खोलीने अडवलंय, झाड कुठे आहे, विहीर कुठे आहे, देऊळ कुठे आहे, हे सगळं त्यांनी टिपलं. त्यांच्या लक्षात आलं की बहुतेक नव्या रस्त्यांची गरजच नाही. आहेत त्याच गल्ल्या जागोजागी थोड्या मोकळ्या केल्या, मोजकी मोडकळीस आलेली घरं काढली आणि त्या रिकाम्या जागी छोटे चौक करून झाडं लावली, तर प्रत्येक घरापर्यंत हवा आणि उजेड पोहोचतो. त्यांनी काढलेला अंदाजी खर्च मूळ आराखड्याच्या सहाव्या हिश्शाइतका होता.

व्यंकोजीराजांपासून सुमारे पावणेदोनशे वर्षं मराठ्यांची राजधानी असलेल्या गावात हे घडलं. तरी मराठी वाचकाला त्या प्राध्यापकाचं नाव सहसा ठाऊक नसतं. ते होते पॅट्रिक गेडिस. हे पुस्तक त्यांच्या कारकिर्दीवरचं आहे.

आज पर्यावरणस्नेही शहरांच्या नावाने परिषदा भरतात, महापालिकांत त्यासाठी स्वतंत्र विभाग असतात आणि या कामात आयुष्य घालवलेल्यांना जगभर मान मिळतो. गेडिस यांच्या वेळी यातलं काहीच नव्हतं. ते नगररचनाकार म्हणून शिकलेले नव्हते, कारण तशी पदवीच नव्हती. ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि माझ्या मते त्यांच्या कामातलं सगळं बळ तिथूनच आलं. रोपट्याला पाणी कमी पडलं की ते उपटून नवं लावायचं, असा विचार बागेत हात मळवलेला माणूस करत नाही. तो आधी मुळांकडे पाहतो. शहराबाबत गेडिस आयुष्यभर हेच सांगत राहिले. आधी पाहा, फिरा, तिथे राहणाऱ्याला विचारा, आणि मगच रेघ ओढा. हे इतकं साधं वाटतं की कुणीही मान डोलावेल. प्रत्यक्षात ते किती अवघड आहे, हे त्यांच्या कारकिर्दीकडे नीट पाहिल्यावर कळतं.

त्यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधल्या बॅलाटर इथे झाला आणि बालपण पर्थ गावाजवळच्या टेकडीवर गेलं. वडील सैन्यातून निवृत्त झालेले. लंडनमध्ये गेडिस टी. एच. हक्सले यांच्या हाताखाली जीवशास्त्र शिकले. संशोधक म्हणून चांगली वाट समोर असताना १८७९ मध्ये नमुने गोळा करायला ते मेक्सिकोला गेले आणि तिथे त्यांची दृष्टी अधू झाली. कित्येक आठवडे डोळ्यांना पट्टी बांधून अंधाऱ्या खोलीत काढावे लागले. दृष्टी परतली, पण सूक्ष्मदर्शकावर तासन् तास काम करणं आता जमणार नव्हतं. त्या अंधारात खिडकीच्या तावदानांवरून बोटं फिरवताना त्यांना चौकटींच्या मदतीने विचार करायची रीत सुचली. कागदाची घडी घालून नऊ घरं पाडायची, एकेका घरात एकेक गोष्ट लिहायची आणि त्यांचे आडवे-उभे संबंध तपासायचे. पुढे जन्मभर त्यांच्या खिशात अशा घड्यांचे कागद असत. त्यांतल्या काही आकृत्या मला आजही फारशा उलगडत नाहीत. पण गावाचा विचार करताना भूमी, धंदा आणि माणसं या तिन्ही गोष्टी एकत्रच बघायच्या, हा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ ल प्ले यांच्याकडून घेतलेला धडा त्यांनी अशाच चौकटीत बसवला. त्यांच्या प्रसिद्ध दरी-छेदात डोंगरमाथ्यावरचा खाणकामगार आणि लाकूडतोड्या, उतारावरचा मेंढपाळ, खालचा शेतकरी आणि किनाऱ्यावरचा कोळी एका रेषेत येतात. सह्याद्रीवरून घाट उतरून कोकणपट्टीत समुद्रापर्यंत गेलेल्या माणसाला ही आकृती कुणी समजावून द्यावी लागत नाही.

स्कॉटलंडला परतल्यावर एडिंबरोत त्यांनी केलेली गोष्ट मला त्यांच्या ग्रंथांहून मोठी वाटते. १८८६ मध्ये ॲना मॉर्टन यांच्याशी त्यांचं लग्न झालं. ॲना लिव्हरपूलच्या व्यापारी घरातल्या, संगीत जाणणाऱ्या. लग्नानंतर थोड्याच काळात हे जोडपं शहरातल्या नव्या, ऐसपैस भागात न जाता जुन्या शहरातल्या जेम्स कोर्टमध्ये राहायला गेलं. एके काळी तिथे मानकऱ्यांची घरं होती. आता एकेका खोलीत एकेक कुटुंब, जिन्यांत घाण आणि अंधार. गेडिस दांपत्याने तिथे राहून शेजाऱ्यांना हाताशी धरलं. भिंतींना चुना लावला, खिडक्यांत कुंड्या ठेवल्या, पडीक कोपरे साफ केले. पुढे त्याच जुन्या शहरातल्या मोकळ्या तुकड्यांवर त्यांची मुलगी नोरा हिने छोट्या बागा उभ्या केल्या. विद्यार्थ्यांनी वस्तीत येऊन राहावं म्हणून १८८७ पासून गेडिस यांनी वसतिगृहं काढली. त्यांचा कारभार विद्यार्थीच पाहत. किल्ल्याच्या पायथ्याशी रॅमझे गार्डन ही इमारतींची रांग उभी राहिली. १८९२ मध्ये त्यांनी एक जुना मनोरा घेतला. त्याचं नाव आउटलुक टॉवर. वरच्या अंधाऱ्या खोलीत भिंगातून आलेली शहराची हलती प्रतिमा मेजावर पडे. खालच्या मजल्यावर एडिंबरोची माहिती, त्याखाली स्कॉटलंडची, मग युरोपची आणि तळमजल्यावर जगाची. आधी आपलं गाव डोळे भरून पाहायचं आणि मग पायऱ्या उतरत जगाकडे जायचं, असा तो क्रम.

याच सुमारास, १८८८ मध्ये, डंडीच्या महाविद्यालयात त्यांना वनस्पतिशास्त्राचं प्राध्यापकपद मिळालं. शिकवणं फक्त उन्हाळी सत्रात असल्याने वर्षाचा मोठा भाग शहरांसाठी मोकळा राही. १९१५ मध्ये शहरांच्या उत्क्रांतीवरचा त्यांचा ग्रंथ आला. पसरत पसरत एकमेकांत मिसळलेल्या शहरांच्या पुंजक्यासाठी इंग्रजीत आज सर्रास वापरला जाणारा शब्द त्यांनी त्यातच घडवला. तोवर ते भारतात पोहोचलेही होते.

मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांनी त्यांना बोलावलं होतं. गेडिस यांनी वर्षानुवर्षं जमवलेलं शहरांचं प्रदर्शन, म्हणजे नकाशे, चित्रं आणि तक्ते, वेगळ्या जहाजातून येत होतं. ऑक्टोबर १९१४ मध्ये एमडन या जर्मन युद्धनौकेने ते जहाज बुडवलं आणि आयुष्यभराचा संग्रह समुद्रात गेला. मायदेशातल्या मित्रांनी धावाधाव करून नवं साहित्य गोळा करून पाठवलं आणि जानेवारी १९१५ मध्ये मद्रासला प्रदर्शन भरलंसुद्धा. पुढच्या चारेक वर्षांत त्यांनी पन्नासच्या आसपास गावांवर अहवाल लिहिले. मद्रास इलाख्यातली गावं, मुंबई इलाख्यातली सहा गावं, सयाजीरावांचं बडोदं, लखनौ, नागपूर, बलरामपूर, कपूरथळा, लाहोर, आणि १९१८ मध्ये दोन खंडांत इंदूर.

या अहवालांचं मोल कळायला त्याआधीची वीस वर्षं आठवावी लागतात. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग-अधिकारी रँडच्या अंमलाखाली गोऱ्या सोजिरांनी घरांच्या झडत्या घेतल्या, देवघरापर्यंत पाय घातले. त्याचा शेवट कसा झाला, हे मराठी माणसाला शाळेपासून माहीत असतं. मुंबईत १८९८ मध्ये सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडून हवेसाठी रुंद रस्ते काढणं हा त्याचा मुख्य कार्यक्रम. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड त्यातूनच आले. रस्ते खरोखर चांगले झाले. पण ज्यांची बिऱ्हाडं उठली, ती गरीब माणसं लांब कुठे जाणार होती? रोजगार तिथेच असल्याने ती शेजारच्या चाळीत घुसली आणि तिथली दाटी वाढली. गेडिस भारतभर फिरले तेव्हा आरोग्य म्हणजे पाडापाडी, हे समीकरण कारभाऱ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं. त्याविरुद्ध त्यांनी जी रीत मांडली, तिला त्यांनी जपून केलेली शस्त्रक्रिया म्हटलं. सडलेलं तेवढंच कापायचं, जिवंत भागाला धक्का लावायचा नाही. असं काम कचेरीत पट्टी घेऊन बसून होत नाही, त्यासाठी दमछाक होईपर्यंत फिरावं लागतं, असंही त्यांनी बजावलं. ते फिरणंही अशा दृश्यांतून आणि वासांतून, जे सोसायची सवय ब्राह्मणालाही नसते आणि ब्रिटिशालाही नसते. घर, झाड, पडवी आणि विहीर यांच्यासकट सगळं दाखवणारा मोठ्या प्रमाणावरचा नकाशा हवा, हा त्यांचा आग्रह असे. तो बहुतेक गावांत मिळत नसे.

आता इंदूर. या पुस्तकातलं सगळ्यात जिवंत प्रकरण हेच आहे आणि मीही इथे थोडा रेंगाळणार आहे. तुकोजीराव होळकर तिसरे यांचं राज्य. गावात प्लेग आणि हिवताप. गेडिस नेहमीप्रमाणे गल्ल्यांतून फिरू लागले, तर लोक त्यांच्याकडे भीतीने आणि रागाने पाहत. नकाशा घेतलेला गोरा साहेब म्हणजे घरं पाडणारा, किंबहुना प्लेग आणणारा, अशी समजूत. ती निराधार होती असं कोण म्हणेल? त्या भीतीमागे वीस वर्षांचा अनुभव होता. या माणसाने त्यावर काय केलं, ते त्यांनी स्वतः पुढे सांगितलं आणि अमेलिया डिफ्रीज यांच्या १९२७ च्या पुस्तकात ती हकीकत छापली आहे. गेडिस यांनी दरबाराला विनंती केली की मला एका दिवसाचा महाराजा करा. दिवस निवडला दिवाळीचा, कारण त्या वेळी घराघरांत साफसफाई चालतेच. दवंडी पिटली गेली की यंदा मिरवणूक हिंदूंच्या ठरलेल्या मार्गानेही जाणार नाही आणि मुसलमानांच्याही नाही. ज्या गल्ल्यांत सगळ्यात जास्त घरं झाडून, दुरुस्त करून, रंगवून ठेवलेली असतील, तिथूनच जाईल. कचरा फुकट उचलायची सोय केली. मग मोहल्ल्यामोहल्ल्यांत चढाओढ लागली. लोकांनी माळे-माजघरं रिकामी केली आणि कचऱ्याच्या हजारो गाड्या गावाबाहेर गेल्या.

मिरवणुकीची रचना पाहण्यासारखी होती. पुढे सुगीची चित्रं, धान्याच्या गाड्या, हत्ती, घोडे. त्यामागे भयाचा भाग, म्हणजे पडक्या, कोंदट घरांच्या प्रतिकृती, घाणीचा राक्षस आणि प्लेगचा अगडबंब उंदीर. मग एकदम रंग बदलतो. झाडूवाले येतात, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, गळ्यात फुलांच्या माळा, हातात नवे झाडू, सोबत चकचकीत गाड्या. त्यांच्या पाठोपाठ लक्ष्मी, मग गवंडी, कुंभार आणि इतर कारागीर, नव्या घरांच्या आणि बागांच्या प्रतिकृती, फळं, फुलं, आणि घरोघरी वाटायला तुळशीची रोपं. रात्री राक्षस आणि उंदीर फटाक्यांसह जाळले. त्यानंतर प्लेग हटला, असं गेडिस सांगत. प्लेगचे उतार-चढाव ऋतूप्रमाणेही होतात, तेव्हा सगळं श्रेय मिरवणुकीला द्यायला मी तयार नाही. मला महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. ज्या साहेबाकडे लोक डोळे वटारून पाहत होते, त्याच्या हाकेला गावाने आपापली घरं आतून उघडली. झडती न घेता, दंड न करता, आपल्या सणाच्या भाषेत. पुण्यातल्या १८९७ च्या शेजारी हे चित्र ठेवून पाहावं. २०१७ पासून इंदूर देशातलं सर्वांत स्वच्छ शहर म्हणून गाजतं आहे. त्याचा धागा थेट गेडिस यांच्यापर्यंत नेणं ताणाताण होईल, पण स्वच्छता ही गावाच्या अभिमानाची बाब होऊ शकते, हे त्या गावाने शंभर वर्षांपूर्वीही एकदा दाखवलं होतं.

इथेच गेडिस यांच्याशी माझं भांडणही सुरू होतं, आणि ते लपवून प्रस्तावना लिहिणं बरं नव्हे. इंदूरच्या अहवालात त्यांनी महागड्या मलनिस्सारण योजनेवर कडक टीका केली. सगळं गटारात ढकलण्याऐवजी सगळं मातीला परत द्यावं, असं त्यांचं म्हणणं. मैला आणि सांडपाणी बागांना, मळ्यांना मिळावं; नदीत जाऊ नये. वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नजरेने हे बिनचूक आहे, आणि आज आपल्या नद्यांची जी गत झाली आहे ती पाहता पटतंही. पण तो मैला बागेपर्यंत न्यायचा कुणी? गेडिस यांना झाडूवाल्यात उद्याचा माळी दिसत होता आणि मिरवणुकीत त्यांनी त्याला दिलेला मान मनापासूनचा होता, याबद्दल मला शंका नाही. तरी ज्या जातीच्या डोक्यावर ती पाटी लादलेली होती, तिला एका दिवसाच्या माळेपेक्षा जमिनीखालच्या नळाने जास्त दिलं असतं. हाताने मैला वाहून नेण्यावर बंदी घालणारा कायदा देशात १९९३ मध्ये आला आणि २०१३ मध्ये पुन्हा नव्याने करावा लागला. गटारांत उतरलेली माणसं आजही मरतात. शहराला सजीव मानणाऱ्या विचाराने त्या सजीवाची घाण कुणाच्या वाट्याला येते, हे शेवटपर्यंत विचारायला हवं होतं. गेडिस यांनी ते पुरेसं विचारलं नाही.

पाण्याबाबत मात्र त्यांच्याइतकं स्वच्छ आणि पुढचं पाहणारं त्या काळी मला दुसरं कुणी दिसत नाही. नळ आला की विहिरी बुजवायच्या आणि हिवताप आला की तळी भरायची, असा सरकारी खाक्या होता. गेडिस म्हणाले, कोणतीही नळयोजना कधी ना कधी बिघडतेच, म्हणून जुन्या विहिरी म्हणजे पूर्वजांनी उतरवून ठेवलेला आयुर्विमा आहे, तो सोडू नका. तळ्यांत मासे आणि बदकं असतील तर डासांच्या अळ्या उरत नाहीत. वर तळ्याकाठची हवा थंड राहते आणि पावसाचं जादा पाणी तिथे सामावतं. डास आणि पाणी या दोन्हींचा अभ्यास केलेला माणूस बोलत होता. नगररचनेच्या विद्यार्थ्यांना शिकवताना मी त्यांना जुन्या पेठेतल्या बुजलेल्या विहिरी शोधायला पाठवतो. वाहनतळाच्या फरशीखाली, दुकानाच्या मागच्या शेडमध्ये, देवळाच्या आवारात लोखंडी जाळीखाली त्या सापडतात. जागा दाखवतात त्या बहुधा म्हाताऱ्या बायका. नकाशात त्या नसतात. टँकर मात्र त्याच गल्लीत उन्हाळाभर उभा असतो.

१९१७ हे वर्ष त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत काळं. एप्रिलमध्ये थोरला मुलगा ॲलस्डेअर फ्रान्सच्या आघाडीवर मारला गेला. ॲना तेव्हा भारतात, गंभीर आजारी. गेडिस यांनी ती बातमी त्यांना कळू दिली नाही. जूनमध्ये कलकत्त्यात ॲना गेल्या. ज्या बाईने जेम्स कोर्टच्या अंधाऱ्या जिन्यांपासून साथ दिली, जमाखर्च सांभाळला, नवऱ्याच्या अर्धवट योजना निस्तरल्या, तिचं नाव त्यांच्या कामावर जितकं ठळक असायला हवं तितकं नाही. या पुस्तकाने तिला जागा दिली, याचं मला समाधान आहे. त्याच दुःखात गेडिस यांनी इंदूरचं काम केलं.

मुंबई विद्यापीठाने १९१९ मध्ये त्यांना समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नेमलं. विद्यापीठातल्या समाजशास्त्र विभागाची ही सुरुवात. वर्गात ते कसे होते याबद्दल मतं वेगळी आहेत. आवाज लहान, बोलणं दाढीत हरवणारं, विषय एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर. पण त्यांच्या व्याख्यानांना मालवणहून आलेला एक संस्कृतचा पदवीधर बसत असे, गोविंद सदाशिव घुर्ये. घुर्ये यांनी मुंबई शहरावर निबंध लिहिला, गेडिस यांनी त्यांची पाठराखण केली आणि १९२० मध्ये विद्यापीठाची शिष्यवृत्ती घेऊन ते विलायतेला गेले. केंब्रिजहून परतल्यावर १९२४ मध्ये घुर्ये विभागप्रमुख झाले आणि १९५९ पर्यंत राहिले. इरावती कर्वे आणि एम. एन. श्रीनिवास हे त्यांचे विद्यार्थी. घुर्ये गेडिस यांच्या वाटेने गेले नाहीत. जात, जमाती आणि ग्रंथांचा पुरावा हे त्यांचं क्षेत्र झालं आणि शहराची पायी पाहणी मागे पडली. आपल्याकडे समाजशास्त्र आणि नगररचना ही दोन दालनं तेव्हाच वेगळी झाली, आणि दोन्हींचं नुकसान झालं असं मला वाटतं. ज्याला माणसं कळतात त्याच्या हाती नकाशा नाही, आणि ज्याच्या हाती नकाशा आहे त्याला माणसं मोजण्यापलीकडे ठाऊक नाहीत.

त्या वर्षांत गेडिस यांचा पसारा थक्क करणारा होता. त्यांनी लिहिलेलं जगदीशचंद्र बोस यांचं चरित्र १९२० मध्ये आलं. रवींद्रनाथांशी पत्रव्यवहार चालू होता आणि धाकटा मुलगा आर्थर रवींद्रनाथांच्याच श्रीनिकेतनात काम करत होता. जेरुसलेमच्या विद्यापीठाची आखणी आणि १९२५ मध्ये तेल अवीवचा आराखडा त्यांनी केला. त्या आराखड्यावर वाढलेला शहराचा भाग २००३ मध्ये जागतिक वारसा ठरला. प्रकृती खालावल्याने १९२४ मध्ये त्यांनी भारत सोडला आणि फ्रान्समधल्या माँपेलिए इथे स्कॉट विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालय उभारायला घेतलं. १९३२ च्या सुरुवातीला सर ही पदवी मिळाली आणि १७ एप्रिलला तिथेच त्यांचा मृत्यू झाला. अमेरिकेतले लुईस ममफर्ड त्यांना गुरू मानत, आपल्या मुलाचं नाव त्यांनी गेडिस ठेवलं. पण १९२३ मध्ये प्रत्यक्ष भेट झाली तेव्हा ती दोघांनाही जड गेली. गुरूला आपले कागद लावून देणारा मदतनीस हवा होता आणि शिष्याला स्वतःचं लिहायचं होतं. कागद कधीच लागले नाहीत. गेडिस यांचे विचार जगभर पसरले ते मुख्यतः ममफर्ड यांच्या लेखणीतून, आणि भारतातले अहवाल वाचकांपर्यंत पोहोचले ते जॅकलिन टिरव्हिट यांनी १९४७ मध्ये काढलेल्या निवडक संग्रहामुळे.

अहवालांचं पुढे काय झालं, असा प्रश्न वाचक विचारेल. बरेचसे दप्तरात धूळ खात पडले. त्यांचे आश्रयदाते गव्हर्नर आणि राजे होते; गव्हर्नर बदलला, राजाचं मन बदललं की काम थांबे. नगरपालिका त्या वेळी दुबळ्या आणि बहुतेक लोकांना मत नाही, अशा स्थितीत लोकांना बरोबर घेण्याची भाषा शेवटी दरबारातून खाली येत होती. पण पाहणी आधी आणि आराखडा नंतर, हे तत्त्व कायद्यात उतरलं. महाराष्ट्राच्या १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात विकास आराखड्याआधी विद्यमान जमीन-वापराचा नकाशा करणं बंधनकारक आहे आणि नंतर हरकती-सूचना मागवाव्या लागतात. आता हे काम उपग्रहाच्या चित्रांवरून होतं, निविदा काढून सल्लागार नेमले जातात, आणि रंगीत नकाशा भिंतीवर लागल्यावर आपल्या घरावरून रस्ता गेल्याचं लोकांना कळतं. मुंबईत तर समूह पुनर्विकासाच्या नावाखाली मोहल्लेच्या मोहल्ले एका आखणीत येतात. त्यांतल्या अनेक इमारती खरोखर धोकादायक आहेत, त्यांत राहणाऱ्यांना नवं घर हवंच आहे, आणि जुनं ते सगळं राखा असा हट्ट गेडिस यांनीही कधी धरला नव्हता. प्रश्न इतकाच असतो की पाडण्याआधी कुणी आत जाऊन पाहिलं होतं का.

वाचकाला दोन सूचना. गेडिस यांचं गद्य सोपं नाही. एका वाक्यात ते गटारापासून ग्रीक देवतांपर्यंत जातात. मराठीत ते आणताना काही गाठी सोडवल्या आहेत, काही तशाच आहेत. अडलात तर पुढे जा, पुढच्या पानावर एखाद्या गावचा एखादा बोळ इतक्या नेमकेपणाने येतो की मागचं आपोआप उलगडतं. दुसरं, अहवालांवरची प्रकरणं वाचताना त्या त्या गावचा आजचा नकाशा शेजारी असू द्या. नागपूरच्या नगरपालिकेसाठी त्यांनी १९१७ मध्ये अहवाल लिहिला. महाल किंवा इतवारीत राहणाऱ्या वाचकाने तो हातात घेऊन सकाळच्या वेळी बाहेर पडावं, आणि वाटेत जी विहीर, जो चौक, जे तळं अजून दिसेल त्यावर पेन्सिलीने खूण करावी.